"ताई, बारावीनंतर काय काय लागतं?"

दिवाळीच्या सुट्टीत गावी निघालाय? बॅगेत फराळाचे रिकामे डबे तर असतीलच. त्यांच्यासोबत तुमच्या ॲडमिशनची जुनी फाईलही टाका. गावातल्या एखाद्या बारावीवाल्याला तिची फार गरज असेल.

मागच्या दिवाळीतली गोष्ट. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी मी ओसरीवर बसून मोबाईल बघत होते. चुलत बहीण शेजारी येऊन बसली. ती तेव्हा बारावी सायन्सला होती. म्हणाली, "ताई, बारावीनंतर काय काय लागतं?" मी मान वर न करताच म्हटलं, "आधी अभ्यास कर. मार्क पडू दे, मग बघू."

माझं ते "मग बघू" तिला एका वर्षाला पडलं.

मार्क तिला छान पडले. सीईटीचं पर्सेंटाइलही चांगलं आलं. काकांनी गावात पेढे वाटले. पुढे कॅपचा अर्ज भरायला ती तालुक्याच्या नेट कॅफेत गेली, तेव्हा तिथल्या पोराने विचारलं, "व्हॅलिडिटी?" तिने जातीचं प्रमाणपत्र पुढे केलं. तो म्हणाला, "हे नाही, व्हॅलिडिटी. ती नसेल तर निदान अर्ज केल्याची पावती?" तिच्याकडे पावती नव्हती. नॉन-क्रिमिलेअर होतं, पण त्याची मुदत मार्चमध्येच संपलेली. ओबीसीतून भरायचा अर्ज शेवटी खुल्या प्रवर्गात गेला. सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज हातचं गेलं. जे मिळालं ते लांबचं आणि खासगी होतं. फीचा आकडा बघून काका काहीच बोलले नाहीत. आठवडाभराने तिने तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं.

त्या रात्री तिचा फोन आला. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, तुला माहीत होतं ना? मग कामून नाही सांगितलंस?"

मला माहीत होतं. माझ्या सख्ख्या भावाने काही वर्षांपूर्वी हेच सगळं केलं होतं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी असली, की पुढच्याचं काम बरंच सोपं होतं. दादाचा तो कागद आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत, तिच्या घरापासून वीस पावलांवर पडून होता.

मार्कांनंतरचा पेपर

शहरात वाढलेल्या मित्रांना हे सांगितलं की ते म्हणतात, "पण वेबसाइटवर सगळं असतं ना!" असतं. पण काय शोधायचं हेच माहीत नसेल, तर वेबसाइट असून उपयोग काय? घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नसेल, तर 'व्हॅलिडिटी' हा शब्दच पहिल्यांदा कानावर पडतो, आणि तोही खिडकीवर उभं असताना.

एका कागदाचा प्रवास बघा. आधी जातीचं प्रमाणपत्र काढायचं. त्यासाठी ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या त्या तारखा. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या पोरीने आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गमाचा उतारा शोधायचा. आमच्या मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं, त्यामुळे जुन्या नोंदी कधी उर्दूत, तर कधी मोडीत सापडतात. त्या वाचून देणारा माणूस शोधणं हे आणखी वेगळं काम. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर महसुली कागद धुंडाळायचे.

हे झालं की व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी. वंशावळीचं शपथपत्र, कॉलेजचं पत्र, पुरावे, ऑनलाइन अर्ज आणि मग जिल्हा समितीकडे प्रस्ताव. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत हा अर्ज करता येतो. हे एक वाक्य अकरावीत कुणी सांगितलं, तर हातात दीड वर्ष असतं. निकालानंतर कळलं, तर जेमतेम महिना-दीड महिना.

नॉन-क्रिमिलेअरवर मुदत छापलेली असते. ती ज्या वर्षी संपते त्या वर्षीचा ३१ मार्च उलटला, की तो दाखला प्रवेशाला चालत नाही. बारावीची मुलं मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरात असतात. त्या दिवसांत दाखल्याची तारीख कोण बघणार?

सीईटीचंही तसंच. तिचा अर्ज बोर्डाच्या परीक्षेच्या आसपासच भरायचा असतो. "निकाल लागू दे, मग ठरवू" म्हणणाऱ्यासाठी ते दार निकालाआधीच बंद होतं. शिवाय नियम बदलत राहतात. केंद्रीय विद्यापीठांत पदवीला जायचं तर २०२२ पासून सीयूईटी आली. २०२४ पासून आपल्याकडे बीबीए, बीसीएलाही सीईटी लागली. पहिल्याच वर्षी इतक्या जणांना हे उशिरा कळलं, की जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून जादा सीईटी घ्यावी लागली. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. म्हणजे आता पसंतीक्रम भरायची कसरत दहावीनंतरच सुरू होते.

पसंतीक्रम हीसुद्धा एक परीक्षाच आहे. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर तेच घ्यावं लागतं. पुढच्या फेरीत बदलता येत नाही. कॅफेत मागे रांग लागलेली, वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि स्क्रीनवर कोडनंबरांची भलीमोठी यादी. अशा वेळी "टाका ना कोणतंही" म्हणून पहिला नंबर टाकला गेला, की चार वर्षांचा निकाल तिथेच लागला.

पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात

पैशाचा प्रश्न आहेच. पण तो नेमका कुठे अडतो, हे गावात राहिलं की कळतं. प्रवेशाचा हंगाम जून ते ऑगस्ट. खरिपाची पेरणी जून-जुलैत. घरात होता नव्हता तो पैसा बियाणं आणि खतात गेलेला असतो, पीककर्जही त्यातच. सोयाबीन हातात येतं दिवाळीच्या तोंडावर, कापूस त्यानंतर. २०२५ मध्ये तर सप्टेंबरच्या पावसाने आमच्याकडची कितीतरी रानं पाण्याखाली गेली. कॉलेजची फी, हॉस्टेलचं डिपॉझिट आणि मेसचे पैसे मात्र बरोबर त्या दोन महिन्यांत भरायचे, जेव्हा शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते.

सरकारी योजना आहेत, आणि चांगल्या आहेत. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत जाते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी आधार अशा तशाच योजना आहेत.

पण माझ्या काकांना यातली एकही माहीत नव्हती. त्यांनी फीचा आकडा बघितला आणि मनातल्या मनात हिशेब मिटवून टाकला. "पैसे नाहीत म्हणून शिकली नाही" असं आपण सहज म्हणतो. आमच्या घरात जे घडलं त्यात पैशाआधी माहिती कमी पडली होती.

ओटीपी कुणाच्या मोबाईलवर?

ऑगस्टमध्ये मी आठ दिवस गावी गेले. खरं सांगायचं तर अपराधीपणाने गेले. बहिणीचं वर्ष काही परत येणार नव्हतं, पण गावात अजून कुणाकुणाचं अडलंय ते बघू म्हटलं. माझ्यासोबत गावातलीच आणखी तिघं होती. एक संभाजीनगरला फार्मसीला, एक परभणीला ॲग्रीला आणि एक नांदेडला नर्सिंगला. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल टाकलं आणि बसलो.

मला वाटलं होतं, मुलं करिअरचं विचारतील. पहिल्या दिवशी सगळे प्रश्न ओटीपीचे निघाले. घरात मोबाईल एकच, तो वडिलांकडे, आणि वडील रानात, जिथे रेंज नाही. ओटीपी येतो आणि वेळ संपून जातो. एका मुलाचं महाडीबीटीचं खातं मागच्या वर्षी कॅफेवाल्याने स्वतःच्याच मोबाईल नंबरवर उघडलेलं. यंदा तो कॅफेच बंद झालाय. एका मुलीचं आधारवरचं नाव आणि टीसीवरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक. एकाची शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यात येत नव्हती, कारण बँक खातं आधारला जोडलेलंच नव्हतं. यातली बरीचशी कामं दोन-तीन फेऱ्यांत उरकणारी होती. पण कोणत्या खिडकीवर जायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

मीही चुकले. एका मुलाला अगदी आत्मविश्वासाने सांगायला निघाले होते, "बीसीएला सीईटी बीईटी काही लागत नाही रे." तो हळूच म्हणाला, "ताई, आता लागते." आपण चार वर्षांपूर्वी बारावी झालो, म्हणजे आपली माहितीही चार वर्षं जुनी. त्या दिवसापासून आम्ही एक नियमच केला. तोंडी काही सांगायचं नाही. आधी यंदाचं माहितीपत्रक उघडायचं, मुलाला स्वतः वाचायला लावायचं, मग बोलायचं. फॉर्मही त्याच्याच हाताने भरायला लावायचा आणि पासवर्ड त्याच्याच वहीत लिहायला सांगायचा.

आणखी एक गोष्ट शिकले, ती काकूकडून. एका संध्याकाळी मी तिच्यासमोर फीमाफी, हॉस्टेल, भत्ता असं सगळं मांडत होते. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं रात्रीचं जेवायला किती वाजता देतात?" पोरगी जिथे राहणार ती जागा तिला डोळ्यांसमोर आणायची होती. मग मी माझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिने खोली दाखवली, मेस दाखवली, गेटवरच्या मावशी दाखवल्या. काकूने त्या मावशींशीच पाच मिनिटं गप्पा मारल्या. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आता ठीक आहे." कुठल्याही माहितीपत्रकात हे नसतं.

ही वाट आधी कुणीतरी पाडली

आपण काही नवीन करतोय असं वाटायला नको, कारण हे काम आपल्याकडे फार जुनं आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'कमवा आणि शिका' म्हणत खेड्यातल्या पोरांना कॉलेजपर्यंत नेलं. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातून आलेल्या मुलामुलींना राहायला जागा देते. या सगळ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. गावातल्या मुलाला नुसतं "शीक" म्हणून भागत नाही. तो रात्री कुठे झोपणार आणि काय जेवणार, हेही कुणीतरी बघावं लागतं.

आपल्या पिढीतलं उदाहरण म्हणजे राजू केंद्रे. बुलढाणा जिल्ह्यातल्या छोट्या गावातून ते बारावीनंतर पुण्यात आले. तिथे राहून शिकणं जमलं नाही, तेव्हा पदवी मुक्त विद्यापीठातून केली. पुढे 'टिस'मध्ये शिकले आणि २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. मधल्या काळात त्यांनी यवतमाळमधून 'एकलव्य'चं काम सुरू केलं. ज्यांच्या घरातलं पहिलंच माणूस कॉलेजात जातंय, अशा मुलांना नामवंत संस्थांपर्यंत पोहोचवण्याचं हे काम. ज्या ठिकाणी आपण स्वतः अडलो, तिथे पुढच्यासाठी उभं राहायचं, एवढी साधी ती गोष्ट आहे.

संस्था काढणं सगळ्यांना जमणार नाही. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे, जी शिक्षकांकडे नाही, सरकारी पोर्टलवरही नाही. आपण नुकतेच या सगळ्यातून गेलोय. कोणत्या दाखल्याला किती दिवस लागले, कोणत्या खिडकीवर दुपारनंतर कुणी नसतं, हॉस्टेलच्या यादीत नाव आलं नाही तेव्हा पहिला महिना कुठे काढला, हे आपल्याला अजून आठवतंय. पाच वर्षांनी विसरू. तेव्हा जुनियरने विचारलं, तर आपणही "होईल रे, मग बघू" म्हणू. मला तर ते चारच वर्षांत जमलं होतं!

गावी गेल्यावर एवढं करा

• अकरावी-बारावीची मुलं एका जागी बसवा. ओसरी, पार, शाळेचा वऱ्हांडा, काहीही चालेल. शाळेच्या सरांना आधी सांगा, ते आनंदाने जागा देतात.

• प्रत्येकाची फाईल उघडून बघा. जातीचं प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी किंवा निदान तिची पावती, नॉन-क्रिमिलेअरची मुदत, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल. जे नाही, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

• आधार, टीसी आणि दहावीच्या मार्कमेमोवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते बघा. बँक खातं आधारला जोडून घ्यायला सांगा.

• प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल काढा. मोबाईल नंबर घरचाच द्या, कॅफेवाल्याचा नाही. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.

• घरात किंवा भावकीत कुणाची व्हॅलिडिटी आहे का, ते विचारा. तुमच्याकडे असेल, तर झेरॉक्स आजच देऊन टाका.

• आईवडिलांशी बोला. फीबद्दल बोलाच, पण खोलीबद्दल, जेवणाबद्दल आणि येण्याजाण्याबद्दलही बोला.

• सगळ्यांना इंजिनीअरिंग-मेडिकलच्या रांगेत उभं करू नका. ज्याला भाषा आवडते, त्याला भाषेची वाट सांगा. मी पत्रकारितेला आले, ते कुणीतरी "असंही असतं" म्हणून सांगितलं, म्हणूनच.

• खात्री नसेल तिथे "बघून सांगते" म्हणा, आणि खरंच बघून सांगा.

यंदाची दिवाळी

माझी बहीण सध्या बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी एसटीने तालुक्याला जाते, दुपारी परत येते आणि संध्याकाळी पुन्हा सीईटीचा अभ्यास करते. व्हॅलिडिटीचा अर्ज टाकलाय, त्याला दादाचा कागद जोडलाय. पुढच्या वर्षी काय होईल, ते मी आज सांगू शकत नाही. एक वर्ष मात्र गेलंच, आणि ते तिचं गेलं, माझं नाही.

परवा तिचा फोन आला. "ताई, या वेळी धनत्रयोदशीच्या आधीच ये. बारावीची नऊ जणं आहेत, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. कुणाकडे काय नाही, त्याची यादी पण केलीय. सहा जणांची व्हॅलिडिटी नाही."

मी म्हटलं, "येते."

"आणि मोबाईल बघत बसू नको," ती म्हणाली.